फॉरवर्ड केलं, माफीही मिळाली. मग आता काय? : ख्रिस्ती धर्म पाप आणि क्षमेकडे कसा बघतो

हे आपल्या या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. ज्यांना दिवा–रोहा गाडीत रेंज मिळत नाही त्यांच्यासाठी खास. नागोठण्याच्या पुढे आवाज तुटतो अशी तक्रार तुम्ही नेहमी करता, म्हणून आता वाचा निवांत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. रोह्याची एक अकरावीतली मैत्रीण आपला पॉडकास्ट ऐकते. तिचं म्हणणं थोडक्यात असं. त्यांच्या वर्गात एक ख्रिस्ती मुलगी आहे. तिच्या घरातल्या एका भांडणाबद्दलचा स्क्रीनशॉट कुणीतरी वर्गाच्या ग्रुपवर टाकला. त्यातलं सगळं खरं होतं, पण ते तिचं खाजगी होतं. दोन दिवस ती कॉलेजला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि टाकणाऱ्याला म्हणाली, "मी तुला माफ केलंय." सगळ्यांना वाटलं, विषय संपला. पण ती पुढे म्हणाली, "आता ज्या ग्रुपवर टाकलंस तिथेच सांग की हे टाकायला नको होतं. आणि ज्यांनी पुढे पाठवलं त्यांना डिलीट करायला सांग."

आणि वर्गात वाद सुरू झाला. अर्धे म्हणाले, "यांच्यात तर माफ करायचंच असतं ना? मग परत अटी कशाला?" आपल्या मैत्रिणीचा प्रश्न हाच आहे. माफ केलं तर मग हे बाकीचं कशाला?

प्रश्न भारी आहे. आणि याचं उत्तर द्यायचं तर ख्रिस्ती धर्मात मुळात काय मानतात, चूक-बरोबर कसं ठरवतात, हे आधी थोडं समजून घ्यावं लागतं. तर आज तेच करू. मी इथे कुणाला धर्म शिकवायला बसलेलो नाही. शेजारच्या बाकावर बसणारी व्यक्ती काय मानते हे नीट कळावं, एवढाच हेतू.

आधी जवळचं बघू

पेण आणि रोह्यात ख्रिस्ती घरं थोडी आहेत. त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांची ओळख नाताळचा तारा आणि केक यापलीकडे जात नाही. पण रोह्यातून वाहणारी कुंडलिका आहे ना, तिच्या काठाने मनातल्या मनात समुद्राकडे जा. जिथे ती समुद्राला मिळते तिथे एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लई. कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. तिथली माणसं बाहेर आपल्यासारखं मराठी बोलतात आणि घरात पोर्तुगीजमधून घडलेली स्वतःची वेगळी बोली बोलतात. चौल-रेवदंडा १७४० मध्ये पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे गेलं. राज्य गेलं, पण ही माणसं, त्यांची बोली आणि त्यांची प्रार्थना इथेच राहिली. जगभरातले भाषेचे अभ्यासक ही बोली ऐकायला कोर्लईत येतात, आणि आपल्याला ती बाजूच्या तालुक्यात असून माहीत नसते!

मराठीशी या धर्माचं नातंही जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आले, मराठी शिकले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा चक्क ओवीत लिहिली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत त्यात. म्हणजे देव, पाप, क्षमा या गोष्टी ख्रिस्ती नजरेतून मराठीत सांगणं चारशे वर्षांपासून चालू आहे. आपण आज मोबाइलवर करतोय, एवढाच फरक.

पाया: नेमकं काय मानतात?

जगभर ख्रिस्ती लोकांचे बरेच पंथ आहेत. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, आणि प्रोटेस्टंटांमध्येही पुष्कळ शाखा. पण पाया बहुतेकांचा एकच. इसवी सन ३२५ मध्ये निकिया नावाच्या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, धर्मगुरूंची मोठी सभा भरली. तिथे या विश्वासाचे मुद्दे शब्दांत बांधायला सुरुवात झाली. तेच मुद्दे थोड्याफार फरकाने आजही चर्चमध्ये म्हटले जातात. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, देव एक आहे आणि जग त्याने निर्माण केलं. हा एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा आहे. याला पवित्र त्रैक्य म्हणतात. तीन वेगळे देव असं ते मानत नाहीत. एकाच देवात आतूनच नातं आहे, प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. हे गणितासारखं सुटत नाही, आणि सुटतं असा दावाही ते करत नाहीत.

दुसरी, येशू हा पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. म्हणजे देव वरून नुसता बघत बसला नाही. तो माणसाच्या घरात जन्मला, सुतारकाम करणाऱ्या घरात वाढला, थकला, रडला.

तिसरी, येशूला क्रूसावर मारलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. याला पुनरुत्थान म्हणतात. ख्रिस्ती लोकांसाठी ईस्टर हा नाताळपेक्षाही मोठा सण आहे, तो यामुळे.

चौथी गोष्ट आजच्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाची. माणूस स्वतःच्या पुण्याच्या हिशोबावर देवाजवळ पोचत नाही. देव आधी प्रेम करतो, आधी क्षमा देऊ करतो. ती कमवायची नसते, स्वीकारायची असते. याला ते कृपा म्हणतात. चांगलं वागणं हे त्या कृपेला दिलेलं उत्तर आहे. एखाद्या मुलाला आई आवडते म्हणून तो तिला मदत करतो, मदतीच्या बदल्यात आईचं प्रेम विकत घेत नाही. तसंच काहीसं.

आता तुम्ही म्हणाल, क्षमा जर फुकट मिळते तर मग कसंही वागा की! थांबा. इथेच मजा आहे.

दहा आज्ञा आणि शनिवार तेली

चूक-बरोबर ठरवताना ख्रिस्ती माणूस आधी दहा आज्ञांकडे जातो. खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, आईवडिलांचा मान राख वगैरे. या आज्ञा मूळच्या यहुदी धर्मातल्या. येशू स्वतः यहुदी होता.

आणि याचा धागा थेट आपल्या जिल्ह्यात आहे. पेण, अलिबाग, रोहा या भागात शेकडो वर्षं बेने इस्रायली लोक राहत आले. पेणमध्ये त्यांचं सिनेगॉगही आहे. तेल गाळण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. तो शनिवार म्हणजे दहा आज्ञांमधलीच एक, विश्रांतीचा दिवस पवित्र पाळण्याची. म्हणजे दहा आज्ञांपैकी एक तरी आज्ञा आपल्या आजोबा-पणजोबांनी तेलाच्या दुकानाच्या बंद दारावर वाचली होती, फक्त तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

येशूने या आज्ञा रद्द केल्या नाहीत, खोल केल्या. डोंगरावरच्या प्रवचनात तो म्हणतो की खून तर सोडाच, मनात राग धरून कुणाला तुच्छ लेखणं हेही त्याच वाटेवरचं आहे. आणि सगळ्या नियमांचं सार त्याने दोन गोष्टींत सांगितलं: देवावर पूर्ण मनाने प्रेम, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम.

शेजारी म्हणजे कोण, असं एकाने विचारलं तेव्हा त्याने चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. रस्त्यात लुटलेला, अर्धमेला माणूस पडलाय. त्याच्या स्वतःच्या समाजातले दोन प्रतिष्ठित लोक बाजूने निघून जातात. थांबतो कोण? तर ज्या समाजाशी वैर, त्यातला एक. तो जखमा बांधतो, खाणावळीत नेतो, खर्च भरतो. शेजारी कोण हे येशू जातीवरून किंवा गावावरून ठरवत नाही. जो थांबला तो शेजारी.

पाप कसं ओळखायचं?

हा भाग जरा नीट वाचा, कारण नीतिशास्त्राचा गाभा इथे आहे. कॅथलिक परंपरेत एखादं कृत्य बरं की वाईट हे बघताना तीन प्रश्न विचारतात.

एक, मुळात केलं काय? दोन, हेतू काय होता? तीन, परिस्थिती काय होती?

तीनही ठीक हवेत. समजा, तुम्ही गाडीत एका आजीला जागा दिली. कृत्य चांगलं. पण मित्राला व्हिडिओ काढायला लावून रील टाकायची म्हणूनच दिली, तर हेतू मळला. आता उलटं बघा. मित्र नापास होऊ नये म्हणून बोर्डाच्या पेपरात त्याला उत्तरं दाखवली. हेतू प्रेमाचा वाटतो, पण कृत्य फसवणुकीचंच राहतं. चांगल्या हेतूने वाईट काम चांगलं होत नाही. परिस्थितीमुळे दोष कमी-जास्त होऊ शकतो. कुणी धमकी देऊन करायला लावलं असेल तर दोष कमी. पण परिस्थिती वाईटाला चांगलं करत नाही.

कॅथलिक लोक पापातही फरक करतात, गंभीर आणि हलकं. गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात. गोष्टच मोठी हवी, ती चूक आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि स्वतःच्या मर्जीने केलेली हवी. चुकून बोट लागून मेसेज गेला तर ते पाप नाही, अपघात आहे. पण लक्षात आल्यावरही तसाच राहू दिला, तर गोष्ट बदलली. प्रोटेस्टंट मंडळी अशी वर्गवारी सहसा करत नाहीत. त्यांचा भर, प्रत्येक पाप माणसाला देवापासून तोडतं आणि उपाय एकच, देवाची कृपा, यावर असतो.

आणि अजून एक. पाप फक्त केल्याने होत नाही, न केल्यानेही होतं. शोमरोनी माणसाच्या गोष्टीत ते दोघे जण कुणाला मारत नाहीत, शिवी देत नाहीत. ते फक्त निघून जातात. ग्रुपवर कुणाची तरी बदनामी चाललीय, आपण वाचतोय, निळी टिक दिसतेय आणि आपण गप्प आहोत, तर ख्रिस्ती नीतिशास्त्र म्हणेल, या गप्प बसण्याचाही हिशोब आहे.

आतला आवाज: पण तो शिकवावा लागतो

मग प्रत्येक वेळी पुस्तक उघडून बघायचं का? नाही. त्यासाठी माणसाला सदसद्विवेकबुद्धी दिलीय, असं ते मानतात. आणि शिकवण स्पष्ट आहे: विवेक नक्की जे सांगतो त्याच्या विरुद्ध वागू नये, मग किंमत काहीही पडो. इंग्लंडच्या थॉमस मोरचं उदाहरण नेहमी देतात. राजाने मागितलेली शपथ त्याच्या विवेकाला पटली नाही. त्याने घेतली नाही. १५३५ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं.

धर्म बाजूला ठेवून विवेकाचं एक उदाहरण आपल्या रोह्याचंही आहे. रोह्यात लहानाचे मोठे झालेले सी. डी. देशमुख, म्हणजे चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय त्यांना पटला नाही आणि त्यांनी मंत्रिपद सोडलं. ते काही ख्रिस्ती नव्हते. पण पद हातात असताना आतला आवाज ऐकणं म्हणजे काय, हे रोह्याच्या मुलांना कळायला इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही.

मात्र यात एक मेख आहे. "माझ्या मनाला पटलं" म्हणजे विवेक नव्हे. विवेक घडवावा लागतो: वाचून, विचारून, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून. ज्याने वर्षानुवर्षं लोकांची टिंगल करून स्वतःला सवय लावलीय त्याचं मन टोचायचं थांबतं. टोचत नाही म्हणजे चूक नाही, असं होत नाही. मोबाइलची घंटी सायलेंटवर टाकली म्हणून फोन यायचे थांबतात का? तसंच.

जीभ होती, आता अंगठा आहे

आता आपल्या स्क्रीनशॉटकडे येऊ. वर्गातल्या मुलांचा पहिला बचाव काय होता? "खरंच तर होतं!"

कॅथलिक शिकवणीत याचं उत्तर शेकडो वर्षं आधीच तयार आहे. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा फक्त कोर्टापुरती नाही. दुसऱ्याच्या नावाला लागणारा धक्का ते तीन प्रकारांत बघतात.

पहिला प्रकार, पुरावा नसताना मनातल्या मनात कुणाला दोषी ठरवणं. स्टेटस बघितलं, निष्कर्ष काढला, संपलं.

दुसरा, कुणाची खरी चूक किंवा खाजगी गोष्ट, योग्य कारण नसताना, ज्यांना माहीत नव्हती त्यांना सांगणं. नीट वाचा, गोष्ट खरी असली तरी.

तिसरा, खोटं पसरवून कुणाचं नाव खराब करणं.

आपला स्क्रीनशॉट दुसऱ्या प्रकारात बसतो. "खरं आहे" एवढ्याने सुटका होत नाही. प्रश्न असा विचारतात: ज्याला सांगतोय त्याला हे कळायचा हक्क किंवा गरज आहे का?

पण याचा अर्थ सगळं झाकून ठेवायचं असाही नाही. कुणाला त्रास होतोय, कुणी धमकावतंय, कुणाचं शोषण चाललंय, तर योग्य माणसाला सांगणं हे कर्तव्यच आहे. तिथे गप्प बसणं चूक. मैत्रिणीला कुणी छळतंय हे तिच्या आईला किंवा विश्वासू शिक्षकांना सांगणं आणि तेच दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

सोळाव्या शतकात रोममध्ये फिलिप नेरी नावाचे संत होऊन गेले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. लोकांबद्दल वाटेल ते बोलत सुटणाऱ्या एका बाईला त्यांनी प्रायश्चित्त दिलं, एक कोंबडी घे आणि रस्त्याने तिची पिसं उपटत चल. ती करून आली. मग म्हणाले, आता ती सगळी पिसं गोळा करून आण. वारा सुटलेला. कुठून आणणार? गोष्ट जुनी आहे, पण 'सगळ्यांसाठी डिलीट करा' हे बटण दाबूनही ज्याने आधीच स्क्रीनशॉट घेतलाय त्याच्याकडचं पीस काही परत येत नाही, हे आपल्याला त्या बाईपेक्षा जास्त कळतं.

माफी फुकट, पण तुटलेलं कोण जोडणार?

आता मुख्य प्रश्न. माफ केल्यावर परत ग्रुपवर सांगायला लावणं हे बरोबर आहे का?

आधी क्षमेची बाजू. येशूची उधळ्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध आहे. धाकटा मुलगा वडील जिवंत असतानाच वाटणी मागतो, घेऊन जातो, उडवतो, उपाशी मरायची वेळ येते तेव्हा परततो. वडील लांबूनच बघतात, धावत जातात, मिठी मारतात. मुलाने मनात पाठ केलेली माफीची वाक्यं पूर्ण बोलूनही होत नाहीत, तोच मेजवानीचा हुकूम सुटतो. क्षमा अशी. अट नाही, हप्ता नाही.

पण त्याच लूकच्या शुभवर्तमानात जक्कयची गोष्टही आहे. जक्कय जकातवाल्यांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू न मागता त्याच्या घरी जेवायला जातो. गावाला राग येतो. आणि तेव्हा जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी संपत्ती गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. क्रम बघा. प्रेम आधी आलं, भरपाई नंतर. भरपाईने त्याने क्षमा विकत घेतली नाही. क्षमा मिळाली म्हणून त्याला भरपाई करावीशी वाटली.

पेणच्या मुलांना हे मी असं सांगेन. समजा, गणपतीच्या कारखान्यात तुम्ही धावताना एका मूर्तीला धक्का लागला आणि हात तुटला. कारखान्याचे काका म्हणाले, "जाऊ दे रे बाळा, होतं असं." माफी मिळाली, मनापासून मिळाली. पण मूर्तीचा हात आपोआप जोडला गेला का? चतुर्थी तोंडावर आलीय, गिऱ्हाईक येणार आहे. तुम्हाला खरंच वाईट वाटत असेल तर तुम्ही तिथून पळ काढाल, की "काका, मी काय करू?" असं विचाराल? रंगकाम तुम्हाला येत नसेल, निदान माती मळून द्याल. काकांनी माफ केलं म्हणून तर तुम्हाला त्यांच्यासमोर तोंड वर करून उभं राहता येतं आणि मदत करता येते.

कॅथलिक नीतिशास्त्र नेमकं हेच म्हणतं. ज्याच्या नावाला धक्का लावला, त्याची भरपाई करायची. चूक जाहीर झाली असेल तर दुरुस्तीही शक्यतो तशीच जाहीर. जाहीर करणं शक्य नसेल, तर निदान त्या व्यक्तीशी गुपचूप नीट वागून, मदत करून. चोरी केली असेल तर पैसे परत. पापनिवेदनाला, म्हणजे कन्फेशनला गेल्यावर फादर क्षमेचे शब्द उच्चारतात आणि सोबत प्रायश्चित्तही देतात, ते यासाठीच. जाता जाता एक गोष्ट. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत. कोर्टाने विचारलं तरी नाही. म्हणजे स्क्रीनशॉटच्या अगदी उलट जागा! प्रोटेस्टंट मंडळी पाप थेट देवापुढे कबूल करतात, पण ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाऊन ते भरून काढायचं, हे त्यांच्यातही शिकवतात.

येशूने तर याहून स्पष्ट सांगितलंय. तुम्ही देवापुढे अर्पण घेऊन आलात आणि तिथे आठवलं की कुणाच्या तरी मनात तुमच्याबद्दल दुखावलेपण आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन त्याच्याशी समेट करा, मग या. म्हणजे पूजा थांबू शकते, माणूस थांबू शकत नाही.

तर त्या मुलीने अट घातली नाही. माफी तिने आधीच देऊन टाकली होती. पुढचं वाक्य तिने टाकणाऱ्याला सांगितलं, कारण तुटलेलं जोडायचं काम त्याचं होतं, तिचं नव्हतं.

माफी आणि कायदा

इथे एक गैरसमज काढून टाकू. माफ करणं म्हणजे तक्रार मागे घेणं नव्हे. १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं यांना गाडीत जाळून मारलं गेलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. पण खटला चालला, आणि मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. माफी त्यांच्या मनातला द्वेष संपवण्यासाठी होती. न्याय हे कोर्टाचं काम होतं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

म्हणून मित्रांनो, कुणी तुमचा खाजगी फोटो किंवा व्हिडिओ पसरवत असेल, पसरवायची धमकी देत असेल, तर "माफ करायला हवं" म्हणून गप्प बसू नका. घरच्यांना, शिक्षकांना सांगा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. सायबर गुन्ह्यांची तक्रार ऑनलाइन करता येते. आणि समोरची व्यक्ती अठराच्या आतली असेल तर तशा फोटोसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, तो फॉरवर्ड करणाऱ्यालाही सोडत नाही. आणि समोरच्याला "तुझ्या धर्मात माफ करायचं असतं ना" असं सांगून तोंड बंद करायला लावणं, हा तर त्याच्या धर्माचाच गैरवापर. माफी मागता येते, वसूल करता येत नाही.

हे नियम चर्चला स्वतःला लागतात का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेतो. लागतात. आणि इतिहासात चर्चने ते मोडलेही आहेत. जवळचं उदाहरण गोव्याचं. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन सुरू झालं, धर्माच्या नावाखाली लोकांना छळलं गेलं, आणि मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. ज्या भूमीत स्टीफन्स प्रेमाने ओव्या लिहीत होते, त्याच भूमीत हेही चालू होतं. दोन्ही खरं आहे.

मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जाहीर प्रार्थनेत चर्चच्या लोकांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या हिंसेबद्दल क्षमा मागितली. काहींना ते पुरेसं वाटलं, काहींना नाही. पण आता आपल्याकडे मोजायची फूटपट्टी आहे ना? माफी मागितली, ठीक. तुटलेलं जोडायला पुढे काय केलं? कुठल्याही धर्माच्या, पक्षाच्या, घराण्याच्या माफीला हाच प्रश्न विचारता येतो.

हे आपण का समजून घ्यायचं?

पेण तालुक्यातलं गागोदे गाव. १८९५ मध्ये विनोबा भावे तिथे जन्मले. गीता मराठीत आणणारा हा माणूस कुराणाचंही सार काढतो आणि बायबलच्या नव्या करारातून निवड करून ख्रिस्तधर्माचं सारही तयार करतो. स्वतःचा धर्म न सोडता, दुसऱ्याचा वरवर न चाळता. धर्मांची भांडणं माणसं एकमेकांची पुस्तकं न वाचता करतात, हे त्यांनी ओळखलं होतं, असं मला त्यांचं हे काम बघून वाटतं. आपल्या पेण-रोह्याच्या मातीत ही सवय आधीपासून आहे, तर आपण ती मोबाइलवर का नाही चालवायची?

तर आजच्या भागातून खिशात ठेवायच्या गोष्टी. फॉरवर्डचं बटण दाबायच्या आधी तीन प्रश्न: हे खरं आहे का? समोरच्याला कळायची गरज आहे का? ज्याच्याबद्दल आहे तो समोर बसला असता तर मी दाबलं असतं का? आणि बटण आधीच दाबलं असेल तर तीन कामं: ज्याचं नुकसान झालं त्याला थेट "सॉरी", जिथे टाकलं तिथेच दुरुस्ती, आणि पुढे त्या माणसाशी नीट वागणं. हे करायला ख्रिस्ती असायची अट नाही.

रोह्याच्या मैत्रिणीला एक विनंती. हा भाग वर्गाच्या ग्रुपवर टाक. हे मात्र बिनधास्त फॉरवर्ड कर!

तुमच्या घरात, तुमच्या धर्मात "माफी मागितली, आता भरपाई कर" हे कसं सांगतात? पश्चात्ताप, तौबा, प्रायश्चित्त, शब्द कुठलाही असो. आजीला विचारा, आणि एका मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. निवडक नोट्स आपण पुढच्या भागात ऐकू. तोवर, भेटू. काळजी घ्या.